मिरची न लागणारी पाठ

शेवटी शेवटी आमच्या घरमालकांच्या कानावर कापसाची वात असायची. सुतार पेन्सिल खोचतो ना, तशी. घणसोली गावात तळ्याकडे जाणाऱ्या गल्लीत त्यांचं औषधांचं दुकान होतं आणि दुकानाच्या वर आमची भाड्याची खोली. कुणी डोकेदुखीची गोळी मागायला आलं, तरी ते आधी म्हणायचे, "हात पुढं कर. डोले मीट." मग वातीचं टोक हळूच मनगटाला टेकवायचे. "आता सांग, कुठं लागला? बोट ठेव." गिऱ्हाईक वैतागायचं, "अहो, डोकं दुखतंय माझं!" तरी सुटका नाही. नव्या भाडेकरूंना वाटायचं, म्हाताऱ्याला वेड लागलंय. एक रिक्षावाला मला म्हणाला, "वहिनी, तुमच्या मालकाचं वरचं दुकान बंद झालंय काय?" मी हसले. कारण ठाऊक असूनसुद्धा त्याच्याबरोबर हसले, आता बोला.

मी त्यांना काका म्हणायची. बाकीचे भाडेकरू 'मालक' म्हणायचे, पण आमच्या साताऱ्याकडं मालक म्हणजे नवरा, त्यामुळं माझ्या तोंडून ते काही निघेना. काका घणसोलीचेच, आगरी. वाडवडिलांची मिठागरं नव्या शहरात गेली, आणि घरातला हा एकटा मुलगा शिकून औषधांचा डिप्लोमा घेऊन आला. तो डिप्लोमा दुकानात देवाच्या तसबिरीशेजारी टांगलेला होता. दोघांना मिळून एकच उदबत्ती. लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे, तर ते ओरडायचे, "डॉक्टर नाय मी, फार्मासिस्ट!" आणि आवाज जराही खाली न आणता पुढं, "पन कातडीत डॉक्टरचा बाप!"

ताप, खोकला, पोटदुखी असल्या गोष्टींत त्यांना रस नव्हता. तसं कुणी आलं की चिठ्ठी बघायची, गोळ्या काढून द्यायच्या, संपलं. पण कुणी बाही वर सरकवली की माणूस उजळलाच म्हणून समजा. काउंटरमागं हाताची घडी घालायचे, मान तिरकी करायचे आणि तिथूनच निकाल द्यायचे. "गजकर्ण." "घामोलं." "खरूज." "ह्या नव्या साबनाचा परताप. साबन बदललास ना?" आणि खरंच बदललेला असायचा! हात कुणाला लावायचे नाहीत. "हात लावून बघतो तो आंधला," म्हणायचे. "कातडी नजरेनं वाचायची असते." मग एकच सवाल, "खाजवतं का?" त्याच्या उत्तरावर मलम ठरायचं. बरीचशी मलमं ते स्वतःच खलात घोटायचे. गंधकाचा तो वास आमच्या खोलीत भातालासुद्धा यायचा.

माणसाचं तोंड मात्र बघायचे नाहीत. कोपर बघायचे, बोटांच्या बेचक्या बघायचे, मानेमागची घडी बघायचे, आणि माणसं त्यावरूनच लक्षात ठेवायचे. माझ्या टाचा फुटलेल्या, म्हणून मी 'भेगा'. गल्लीच्या त्या टोकापासून हाक यायची, "ए भेगा, पानी आला, भरून घे!" इस्त्रीवाला पावसाळ्यात कधीतरी पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या म्हणून गेला असेल, तर तो कायमचा 'चिखल्या'. बारश्याला कुणाच्या बाळाला बघायला गेले तरी आधी लंगोट सोडायला लावायचे.

गावातल्या एका लग्नात तर त्यांनी हद्द केली. नवरदेव मांडवाच्या दारात आलेला, मुलीकडच्या बायका ओवाळायला उभ्या, वाजंत्री क्षणभर थांबलेली. तेवढ्यात गर्दीतून काकांचा आवाज, "काय रं गजकर्ना! मांडीवरचा गेला का?" नवऱ्या मुलीच्या आईच्या हातातलं ताट हललं. नवरदेवाचा भाऊ दुसऱ्या दिवशी दुकानावर भांडायला आला, तर काकांना कळेचना की याचं बिनसलंय काय. "त्यानं चोरी केलीय का?" म्हणाले. "गजकर्न झायलाय. रोग झाकला तर वाढतो, बोंबलला तर लाजून पलतो." हे त्यांचं ब्रीदवाक्य. दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचेच.

आम्ही बायका त्यांना शिव्या द्यायचो, पण जायचो त्यांच्याकडंच. कारण गुण यायचा. आमच्या शेजारच्या खोलीत आमच्याच भागातली हमाल मंडळी राहायची, सगळी एका टोळीतली. पाळीपाळीनं झोपायची, म्हणजे एक उठला की दुसरा त्याच गोधडीत. एका वर्षी तिथं खरूज शिरली. एकजण मलम मागायला गेला, तर काकांनी त्याला हाकललं. "एकाला मलम नाय. सगल्यांनी एका दिवशी लावायचा, मानेपासून पायापर्यंत. आनि गोधड्या उकलत्या पान्यात!" आता गावाहून आईनं शिवून दिलेली गोधडी, ती उकळायची म्हणजे काय! मंडळी बधेनात. काका स्वतः चूल मांडून गल्लीत उभे राहिले आणि एकेक गोधडी काठीनं पातेल्यात दाबली. वरून ओरडत होते, "सगली खरूज खोली बाहेर या!" ती माणसं लाजेनं अर्धमेली झाली, पण खरूज गेली. मग जत्रेला गावी गेलेला एक गडी परत आला, तो पुन्हा घेऊन आला. काकांनी पुन्हा सगळ्यांना मलम माखायला लावलं, पुन्हा गोधड्या उकळल्या. तेव्हापासून टोळीचा त्यांच्यावर देवासारखा विश्वास बसला. मुकादम म्हणजे टोळीचा म्होरक्या. तो तर म्हणायचा, "आमच्या काकाची नजर म्हंजी एक्सरे."

त्या टोळीत आमचे हेसुद्धा होते, मी गावाहून यायच्या आधी त्याच खोलीत झोपायचे. वाशीच्या मसाला बाजारात माथाडी, पाठीवरून पोती वाहायची. हळद, धणे, जिरं, त्याचं काही वाटत नाही. पण मिरची! उन्हाळ्यात मिरचीचं पोतं घामेजल्या पाठीवर आलं की तागातून ती बुकणी आत झिरपते, आणि माणूस दिवसभर नुसता तडफडतो. गडी तेल चोळून जायचे, ओलं फडकं टाकायचे, तरी संध्याकाळी पालथे पडून शिव्या देत बसायचे. मिरचीचा ट्रक लागला की टोळीत जो तो दुसऱ्याकडं बघायचा.

आमच्या ह्यांच्या उजव्या खवाट्यावर, पाठीत खालपर्यंत, एक फिकट डाग उठला होता. तळहातापेक्षा मोठा. मीच त्यांना दुकानात घेऊन गेले. "बनियन काढ," काका म्हणाले. यांनी काढली. काकांनी मान तिरकी केली. "खाजवतं का?" "न्हाय." "घामाचा शिबा हाय. हमालाला होतोच." आणि पिवळ्या मलमाची डबी पुढं सरकवली.

मी रोज संध्याकाळी ते मलम चोळायची. डाग काही जाईना. पण थोड्या महिन्यांनी वेगळाच चमत्कार झाला. मिरचीचं पोतं घेऊन आले, तर आग नाही! डाव्या खांद्याला चुरचुर, उजवीकडं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम उजवीकडं घेतलं, तेच. यांनी हसत हसत टोळीत सांगितलं, टोळीनं काकांना सांगितलं, आणि काका! त्या दिवशी काकांचे पाय जमिनीवर नव्हते. "माझा मलम!" म्हणाले. "कातडीला चिलखत चढवतो माझा मलम!"

झालं. तेव्हापासून ते 'पैलवान मलम'. आमच्या ह्यांना बाजारात 'मिरची पैलवान' म्हणायला लागले. टोळीतली सगळी मिरची यांच्या पाठीवर यायला लागली आणि हे हौसेनं घ्यायचे, कारण चारचौघांत नाव होत होतं. दुसऱ्या टोळ्यांतले गडी मलम मागायला घणसोलीपर्यंत यायचे. मग काका वर बघून हाक मारायचे, "पैलवान! खाली ये!" हे उतरायचे. "काढ बनियन." काका वाळकी मिरची मोडून बियांसकट त्या डागावर घासायला लावायचे. हे शांत उभे, मिशीत हसत. बघे तोंडात बोट घालायचे. इतरांनाही गुण वाटायचा म्हणे थोडाफार. वाटणारच. मलमात मेणचट थर असायचा, त्यावर बुकणी जरा अडायची. पण तेव्हा कुणी एवढा विचार केला? मी खिडकीतून बघायची आणि माझी छाती फुगायची. नळावर बायका म्हणायच्या, "पैलवानीणबाई आल्या, पुढं जाऊ द्या." मी पुढं जायचीसुद्धा.

आज ते आठवलं की तोंड कुठं लपवू असं होतं. ज्या गोष्टीनं आम्ही मिरवत होतो, ती काय होती!

ते उघडं पडलं एका दुपारी. काका दुकानातच स्टोव्हवर मलमाचं पातेलं तापवत होते. हे काउंटरला टेकून, दुकानाकडं पाठ करून उघड्या अंगानं बसलेले. नुकतंच कुणालातरी दाखवून झालं होतं. मी काकूंनी दिलेला चहा घेऊन उभी होते. काकांनी सांडशीनं पातेलं उतरवून काउंटरवर ठेवलं आणि बरण्या पुसायला वळले. हे गावच्या कुस्त्यांची काहीतरी गंमत सांगत होते. सांगता सांगता मागं रेलले. पातेल्याला पाठ टेकली. आणि हे बोलतच राहिले. हसतच राहिले. मला आधी वास आला. जळकट वास. मी ओरडले, "अहो!" ते म्हणाले, "काय गं?"

काकांनी वळून बघितलं. पातेलं बाजूला ओढलं. त्या फिकट डागाच्या मधोमध कातडी पांढरी होऊन सुटली होती. "पैलवान," ते म्हणाले, "पाठीला काय लागला?" "कुठं काय?" हे म्हणाले.

मग काकांनी, ज्यांनी जन्मात कुणाला हात लावला नाही त्यांनी, बोट पुढं केलं आणि डागाच्या कडेला टेकवलं. "आता?" "आता काय?" काकांनी कापसाच्या गुंडाळीतून जरासा कापूस तोडला, त्याची वात वळली. "डोले मीट. लागला का सांग." डाव्या खांद्यावर टेकवली. "हां, लागलं." मानेवर टेकवली. "लागलं." डागावर टेकवली. हे डोळे मिटून वाट बघत बसले. पुन्हा टेकवली, खाली, वर, मधे. हे वाट बघतच होते. शेवटी म्हणाले, "लावा की काका, कवा लावताय?"

काकांनी भर दुपारी दुकानाचं शटर खाली ओढलं. लग्नात, बारश्यात, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लोकांचे रोग बोंबलणारा माणूस, त्याचा आवाज त्या दिवशी मला ऐकू येईना. "बाय," एवढंच ऐकू आलं. पहिल्यांदा 'भेगा' नाही म्हणाले. मी म्हटलं, "काय ते मोठ्यानं बोला." तर ते ओठाशी पुटपुटले. मी ऐकलं. कुष्ठ. आमच्याकडं त्याला रक्तपिती म्हणतात. लहानपणी आमच्या गावाबाहेर एक म्हातारा असायचा, त्याला लांबून भाकरी टाकायचे. मला तोच दिसला.

मी काकांना काय काय बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. "डॉक्टरचा बाप ना तुम्ही! एक्सरे ना तुमची नजर!" त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "शिकलो होतो, बाय," म्हणाले. "पुस्तकात होता. फिकट डाग, खाजवत नाय, लागत नाय. मी बगितला आनि मना दिसला नाय. मिरची लागत नाय, हाच रोग होता. आनि मी त्याची जाहिरात केली." मग ते त्या बंद दुकानात बरण्यांकडं तोंड करून रडले. मला त्यांची दया आली नाही. मी मनात हिशेब करत होते की इतके महिने रोज संध्याकाळी मी ज्या पाठीवरून हात फिरवत होते, त्या पाठीला माझा हात कळतच नव्हता. मी विचारायची, "बरं वाटतंय का?" हे म्हणायचे, "लई." माझं मन राखायला म्हणायचे की काय, देव जाणे.

रबाळ्याच्या सरकारी दवाखान्यात काकाच घेऊन गेले. डॉक्टरीणबाई भली होती. गोळ्यांनी बरा होतो म्हणाली, गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागत नाही म्हणाली, लवकर आला असता तर पाठीची जाणीव वाचली असती, असंही म्हणाली. काका खाली मान घालून ऐकत होते. महिन्याची पहिली गोळी सिस्टरसमोर गिळायची, बाकीची पाकिटं घरी. लघवी लाल व्हायची, अंग काळवंडायला लागलं. मी नळावर सांगितलं, कावीळ झालीय. बायका म्हणाल्या, काविळीत पिवळं होतात. मी म्हटलं, उतरतीय म्हणून काळे झालेत. असलं काहीबाही सांगत सुटले होते. पाकिटं तांदळाच्या डब्यात लपवायची. कुणी दार वाजवलं की आधी डब्याचं झाकण दाबून बघायची. यांचा ताट-तांब्या मी वेगळा केला, आणि यांनी तो बघूनही काही विचारलं नाही. त्याचीही लाज वाटायची, पण एकत्र करायला हात धजत नव्हता.

पैलवान मलम बंद झालं. गडी यायचे, काका म्हणायचे, "संपला." "कधी बनवनार?" "नाय बनवनार." त्यांना वाटायचं म्हातारा भाव खातोय.

असेच काही दिवस गेले आणि एका सकाळी काका आमच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. माझ्या पायांकडं नाही, तोंडाकडं बघत होते. "बाय, डॉक्टरीनबाय बोलली, टोलीतल्यांच्या पाठी तपासाया पायजेत. एका ताटात जेवतात, एका गोधडीत झोपलेत. कोनाला असंल तर आताच कलाया पायजे. त्यांना सांगाया लागंल."

मी त्यांचे पाय धरले. खरोखर धरले. "काका, टोळीत कळलं तर यांना कोण उभं करील? खोली सोडावी लागेल. गावी कळेल, नणंदेचं लग्न व्हायचंय. नाव काढलंत तर मी ह्या तळ्यात उडी घेईन." त्यांनी मला उठवलं. "नाव नाय काढनार," म्हणाले आणि खाली गेले.

त्यांनी काय केलं, ते मला संध्याकाळी कळलं. बाजारात जाऊन मुकादमाला सांगितलं की माझं पैलवान मलम खराब निघालंय. त्यानं कातडी मरते. ज्यानं ज्यानं लावलं, त्यानं रबाळ्याला जाऊन अंग दाखवून घ्यावं. सगळा दोष मलमावर घेतला. एक डबी वाईट नव्हती हो त्यातली! पण नाव न काढता माणसांना दवाखान्यात पाठवायचं, तर त्यांच्याजवळ दुसरं होतं काय? स्वतःची अब्रू होती, ती त्यांनी काढून दिली. आणि मला काय वाटलं? सुटले, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी टोळी कामावर गेलीच नाही. सकाळीच सगळे दुकानासमोर. दुसऱ्या टोळ्यांतलेही आलेले. मी वरच्या खिडकीतून बघत होते. हे मागं भाकरी खात बसले होते.

"आरं, आमच्या पाठी मारल्यास की रं!" एकजण ओरडत होता. "पाठीवर पोट हाय आमचं!"

"खरं सांग, काय घातलंस त्यात?" मुकादम पुढं झाला. "गावभर बोंबलत फिरतोस ना लोकांची खरूज आन् गजकर्न? आता का दातखीळ बसली? बोल की!"

काका काउंटरमागं हात जोडून उभे होते. "चुकला माझा," एवढंच म्हणत होते. "दवाखान्यात जा. पाया पडतो, आधी दवाखान्यात जा." कुणीतरी मलमाची डबी फेकली, ती त्यांच्या कपाळाला लागली. दुसऱ्यानं काउंटरवरच्या दोन बरण्या खाली ढकलल्या. काच गल्लीभर उडाली. काकू आतून ओरडत होत्या. काका हलले नाहीत, की नाव घेतलं नाही.

यांनी ताट बाजूला सारलं. "त्येंनी मलमात काय घातलं न्हवतं," म्हणाले.

"गप बसा," मी म्हटलं. "त्यांनी स्वतःच्या मर्जीनं घेतलंय अंगावर."

ते उठले. मी दारात आडवी झाले. "तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ आहे, खाली जाल तर."

"शपथ सुटली म्हण," ते म्हणाले.

मी नाही म्हटलं. त्यांनी मला हातानं बाजूला केलं आणि जिना उतरले. आमच्या संसारात माझी मोडलेली ती एकच शपथ.

खाली त्यांना बघून गडी म्हणाले, "आला पैलवान! बघ, तुलाबी फसीवलं ह्या म्हाताऱ्यानं." यांनी बनियन डोक्यावरून काढली आणि पाठ फिरवली. डाग होता, त्यावर भाजल्याची लाल खूण होती.

"मलमाचं काय न्हाय," ते म्हणाले. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा होता. "मला रक्तपिती हाय. म्हणून मिरची लागत न्हवती. गोळ्या चालू हायत. काकानं लपीवलं, ते माझ्या बायकूच्या सांगण्यावरनं."

सगळ्यांनी मान वर करून माझ्या खिडकीकडं बघितलं. मी मागंही सरकू शकले नाही. आजवर कितीतरी वेळा वाटून गेलंय की तेव्हा धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं.

यांच्या खांद्याला लागून उभा असलेला एक गडी, रोज यांच्याच डब्यातलं कालवण खाणारा, हळूच दोन पावलं मागं गेला आणि तळहात पँटला पुसायला लागला. मग आणखी दोघं-तिघं मागं सरले. यांच्याभोवती रिकामी जागा झाली. काका काउंटरची फळी उचलून बाहेर आले, काचेवरून चालत, आणि त्या रिकाम्या जागेत यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. कपाळावरून रक्त येत होतं. यांची उघडी पाठ त्यांच्या दंडाला लागत होती, ती त्यांनी लागू दिली.

बऱ्याच वेळानं गर्दीतून टोळीतलाच एक वयस्कर गडी पुढं आला. कधी फारसं न बोलणारा. त्यानं लेंग्याचा पाय मांडीपर्यंत वर ओढला. "काका, ह्यो बघा," म्हणाला. "ह्योबी खाजवत न्हाय. लई दीस झालं. म्या पैलवान मलम लावत हुतो."

सगळे काकांकडं बघायला लागले. एरवी मान तिरकी झाली असती, नाव फेकलं गेलं असतं. काका वाकले. जवळ जाऊन त्या मांडीवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग त्या गड्याच्या तोंडाकडं बघितलं.

"मना नाय कलत," ते म्हणाले. "कातडीतला मना काय बी नाय कलत. आपन दवाखान्यात जाऊ. मी येतो तुमच्यासंगं."

आणि तसेच निघाले, रक्त न पुसता, रबाळ्याच्या वाटेनं. तो गडी त्यांच्यामागं, मग आमचे हे, बनियन हातात घेऊन. मुकादम थोडा वेळ जागेवरच उभा होता, मग तोही निघाला. त्याच्यामागं एकेक करून बाकीचे. आले नाहीत असेही होते, त्यांना मी नावं ठेवत नाही. दारादारातून बायका बघत होत्या, नळावरच्या, मला पुढं जाऊ देणाऱ्या.

मी जिना उतरून त्यांच्यामागं चालायला लागले. आता ऐकणाऱ्याला वाटेल, बायको नवऱ्याच्या पाठीशी ताठ मानेनं उभी राहिली. खोटं कशाला सांगू? मी पदर तोंडावर ओढून घेतला होता आणि दवाखान्याच्या दारापर्यंत तो खाली घेतला नाही.